जुन्या बिलिंग प्रोग्रॅमला नवी लायब्ररी जोडताना: लातूरच्या एका ऑइल मिलचे प्रकरण

परिस्थिती

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका ऑइल मिलमध्ये बिलिंग, गेट पास आणि वजनकाटा ही तिन्ही कामे व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) मध्ये लिहिलेल्या एकाच प्रोग्रॅमवर चालतात. प्रोग्रॅम लिहिणारा तरुण पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. सोर्स कोड मात्र त्याने सीडीवर नीट ठेवून दिला होता, आणि अशा प्रकरणांत एवढे भाग्य क्वचितच लाभते. डेटा ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये आहे. काट्याच्या इंडिकेटरवरचा आकडा सिरियल पोर्टमधून थेट बिलात येतो, आणि बिल व गेट पास पॅरलल पोर्टला जोडलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावून निघतात. हे सारे विंडोज ७ च्या एका ३२ बिट संगणकावर.

व्हीबी ६ हे मायक्रोसॉफ्टचे १९९८ चे साधन. त्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांचा आधार एप्रिल २००८ मध्ये संपला. तयार झालेले प्रोग्रॅम चालवणारा रनटाइम मात्र विंडोजसोबत आजही येतो. त्यामुळे ‘जुने झाले, फेकून द्या’ हा सल्ला देणे जितके सोपे, तितका तो मिलच्या उपयोगाचा नाही. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की काट्यासमोर गाड्यांची रांग लागते, आणि त्या दिवसांत मुनीमजींना की-बोर्डकडे न पाहता बिल करता आले पाहिजे. हा प्रोग्रॅम ते करू देतो.

अडचण बाहेरून आली. वस्तू व सेवा कराच्या ई-इन्व्हॉइसची सक्ती १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना होती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली आणि ही मिल तिच्यात सापडली. व्यापाऱ्यांना विकलेल्या तेलाच्या प्रत्येक करपात्र बिलासाठी माहिती ठरावीक ढाच्यात पोर्टलकडे पाठवायची, तेथून ६४ अक्षरी आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) आणि डिजिटल सही असलेला क्यूआर कोड घ्यायचा आणि तो बिलावर छापायचा, असे त्याचे स्वरूप आहे. मालकांनी एका मध्यस्थ कंपनीची सेवा घेतली आणि तिने मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या नव्या प्रणालीतील तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांनी वापरायचा कोडचा संच, दिली. लॉगिनची माहिती कूटबद्ध करणे, लॉगिननंतर मिळणारे तात्पुरते टोकन सांभाळणे, जेसन (माहिती पाठवण्याचा मजकुरी ढाचा) तयार करणे आणि आलेली सही तपासणे ही सर्व कामे ती करते. हे सारे व्हीबी ६ मध्ये हाताने लिहिता येत नाही असे नाही, पण पैशांच्या व्यवहारात कूटलेखन स्वतः लिहायला बसणे हे माझ्या मते कोणत्याही लहान कार्यालयाने करू नये. नवा पाऊस पडून नवे सोयाबीन मोंढ्यात येण्याआधी ही लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमला जोडून देणे, एवढे काम माझ्याकडे आले.

जोडणीचा पहिला आराखडा आणि पहिला नकार

व्हीबी ६ ला डॉट नेटची डीएलएल (लायब्ररीची फाइल) थेट वापरता येत नाही. त्याला फक्त कॉम, म्हणजे विंडोजमधील घटक एकमेकांना जोडण्याची जुनी पद्धत, समजते. म्हणून दोघांच्या मध्ये डॉट नेटमध्ये लिहिलेले एक पातळ वेष्टन ठेवायचे आणि ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, कॉम घटक म्हणून नोंदवायचे, हा रूढ मार्ग आहे. लायब्ररीचे वर्ग जसेच्या तसे कॉममधून बाहेर काढता येत नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. जेनेरिक (कोणत्याही प्रकारच्या माहितीला चालणारे) प्रकार कॉममध्ये उतरत नाहीत, रिकाम्या कन्स्ट्रक्टरशिवाय, म्हणजे काहीही न मागता वस्तू घडवणाऱ्या कोडशिवाय, वस्तू तयार होत नाही, एकाच नावाच्या दोन मेथड (वर्गाकडून करून घ्यायची कामे) असतील तर दुसरीच्या नावापुढे आपोआप अंक लागतो, आणि आजच्या लायब्ररींची जी खरी बोली आहे ती असिंक (उत्तरासाठी न थांबता काम पुढे चालू ठेवण्याची) पद्धत तर व्हीबी ६ च्या गावीही नाही. म्हणून वेष्टनात मोजक्याच मेथड ठेवल्या आणि प्रत्येकीला साधी स्ट्रिंग द्यायची, साधी स्ट्रिंगच परत घ्यायची, असे ठरवले.

त्यांपैकी पहिली मेथड केवळ ‘चालू आहे’ असे उत्तर देणारी होती. दुसरी फक्त जेसनची लायब्ररी चढवून पाहणारी, तिसरी बाहेरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून लगेच तोडणारी, आणि त्यानंतरच खरे काम करणारी. या पायऱ्या पुढे फार उपयोगी पडल्या, कारण अशा जोडणीत व्हीबी ६ च्या खिडकीत दिसणारी चूक बहुतेक वेळा तिच्या मूळ जागेपासून दोन थर वर उमटलेली असते.

पहिलीच मेथड माझ्या, प्रोग्रॅम लिहिण्याच्या संगणकावर चालेना. ‘रनटाइम एरर ४२९: ॲक्टिव्हएक्स कंपोनंट कान्ट क्रिएट ऑब्जेक्ट’ हा संदेश व्हीबी ६ वाल्यांना पाठ असतो आणि तो काहीच सांगत नाही. तो माझा संगणक ६४ बिट विंडोजचा होता. डॉट नेटचे घटक नोंदवणारे रेगॲझम हे साधन अशा संगणकावर दोन फोल्डरांत दोन रूपांत असते, एक ३२ बिट आणि एक ६४ बिट. व्हीबी ६ चा प्रोग्रॅम नेहमीच ३२ बिट, त्यामुळे तो रजिस्ट्रीच्या ३२ बिट भागातच शोध घेतो. नोंद मात्र ६४ बिट रेगॲझमने दुसऱ्याच भागात झाली होती. मिलच्या ३२ बिट संगणकावर हा प्रश्न उद्भवतच नाही. नेहमी प्रोग्रॅमरच्या टेबलावर चाललेली गोष्ट ग्राहकाकडे बंद पडते. येथे नेमके उलट होते. ३२ बिट रेगॲझमने, डीएलएलचा पत्ताही नोंदवणारा कोडबेस पर्याय देऊन पुन्हा नोंदणी केल्यावर ४२९ गेला. वेष्टनाच्या इंटरफेसला कायमचे ओळखक्रमांक न देता ते पुन्हा पुन्हा बिल्ड केले, तर आधीच कंपाइल केलेला व्हीबी प्रोग्रॅम पुन्हा ४२९ किंवा ४३० देऊ लागतो. ते टाळण्यासाठी क्रमांक हाताने लिहून पक्के केले आणि व्हीबीच्या बाजूने घटक नावाने बोलावला.

मिलच्या संगणकावर निराळेच घडले. विंडोज ७ सोबत डॉट नेटची ३.५.१ ही आवृत्ती येते; लायब्ररी डॉट नेट स्टँडर्ड २.० या मापदंडासाठी बांधलेली होती, आणि अशी लायब्ररी कागदोपत्री ४.६.१ वर चालत असली तरी प्रत्यक्षात ४.७.२ च्या खाली तिच्या नादी लागू नये. विंडोज ७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकवर ४.८ बसते, म्हणून तीच निवडली. इन्स्टॉलर मात्र ‘सर्टिफिकेटची साखळी विश्वासू मुळापर्यंत जुळत नाही’ असे म्हणून थांबला. वर्षानुवर्षे अपडेट न घेतलेल्या संगणकात मायक्रोसॉफ्टचे २०११ चे मूळ प्रमाणपत्र नसते, आणि इन्स्टॉलरवरची सही त्याच्याच आधारे तपासली जाते. ते प्रमाणपत्र हाताने भरल्यावर डॉट नेट बसले. नवीन लायब्ररीसाठी जुन्या संगणकावर रनटाइम बसवण्याचा प्रश्न अशा रीतीने रनटाइमच्याही आधीच्या पायरीवर, विश्वासाच्या साखळीपाशी अडतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि इन्स्टॉलर खराब आहे असे समजून तो पुन्हा पुन्हा डाउनलोड केला जातो.

तीच डीएलएल, दोन वागणुकी

दुसऱ्या पायरीवर, म्हणजे जेसनची लायब्ररी चढवताना, ‘ऑटोमेशन एरर’ आली आणि सोबत उणे २१४६२३४३०४ हा आकडा. व्हीबी ६ असे आकडे दशमान पद्धतीत दाखवते. सोळा आधाराच्या पद्धतीत तो ८०१३१०४० होतो, आणि त्या रूपात त्याला अर्थ येतो: मागितलेली असेंब्ली (डॉट नेटची डीएलएल) आणि सापडलेली असेंब्ली यांची ओळख जुळत नाही. असा आकडा दिसला की विंडोजच्याच कॅल्क्युलेटरमध्ये त्याचे रूप बदलून मगच शोध घ्यावा. दशमान आकडा घेऊन शोधणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही.

मध्यस्थ कंपनीच्या लायब्ररीचा एक भाग न्यूटनसॉफ्ट जेसन या जेसन लायब्ररीच्या १२ व्या आवृत्तीवर बांधलेला होता आणि फोल्डरमध्ये फाइल होती १३ व्या आवृत्तीची. डॉट नेटच्या जगात हे नित्याचे आहे; कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘१२ मागितली तर १३ द्या’ असा निर्देश लिहिला की काम भागते. तो निर्देश कंपनीने दिलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये होताही. पण ती फाइल डीएलएलच्या नावाची होती, आणि डॉट नेट डीएलएलची कॉन्फिग वाचत नाही; ज्या ईएक्सईच्या (चालणाऱ्या प्रोग्रॅम फाइलच्या) पोटात ती डीएलएल चढली, त्या ईएक्सईची वाचते. येथे ती ईएक्सई म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा बिलिंग प्रोग्रॅम. त्याच्या शेजारी त्याच्याच नावाची, शेवटी कॉन्फिग लावलेली फाइल ठेवल्यावर कंपाइल केलेला प्रोग्रॅम चालू लागला. व्हीबी ६ च्या संपादकातून, म्हणजे कोड लिहिण्याच्या साधनातून, चालवल्यावर मात्र तो पुन्हा पडे, कारण तेथे यजमान ईएक्सई असते ती व्हीबी ६ स्वतः, आणि कॉन्फिग तिच्या फोल्डरमध्ये तिच्या नावाने हवी असते. संपादकाने एकदा चढवलेली डीएलएल तो बंद करेपर्यंत सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर संपादक बंद करून पुन्हा उघडणेही ओघाने आलेच.

तिसऱ्या पायरीचे कोडे याच जातीचे, पण अधिक फसवे होते. सर्व्हरशी जोडणी करताना ‘सुरक्षित चॅनल तयार करता आला नाही’ असा संदेश येई. तीच डीएलएल, तोच संगणक, तेच इंटरनेट वापरून सी शार्पमध्ये लिहिलेला छोटा चाचणी प्रोग्रॅम चालवला, तर जोडणी विनातक्रार होई. अशा वेळी संगणकाची तारीख चुकल्याची शंका प्रथम घ्यावी, कारण बोर्डावरचा सेल संपला आणि लाइट गेली की तारीख मागे जाते आणि सर्व प्रमाणपत्रे अवैध ठरतात. येथे ती शंका लगेच निकालात निघाली. बिलावर चुकीची तारीख आली असती तर मुनीमजींनी ती कोणत्याही प्रोग्रॅमरआधी पकडली असती.

खरे कारण असे की, ४.७ पासूनचे डॉट नेट टीएलएसची (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीची) आवृत्ती विंडोजवर सोपवते आणि ४.६ पासूनचे १.२ चा पर्याय स्वतःहून खुला ठेवते. पण ही नवी वागणूक लागू करायची की नाही, हे रनटाइम मुख्य ईएक्सईवरच्या खुणेवरून ठरवतो. सी शार्पच्या चाचणी प्रोग्रॅमवर ‘मी ४.६.१ साठी बांधलो आहे’ अशी खूण होती. व्हीबी ६ च्या ईएक्सईवर डॉट नेटची कोणतीही खूण असण्याचे कारणच नाही, म्हणून रनटाइम तिला सर्वांत जुनी समजून जुन्या वागणुकीवर येतो आणि टीएलएस १.० पुढे करतो. समोरचा सर्व्हर १.२ च्या खाली बोलत नाही, आणि हस्तांदोलन तेथेच मोडते. वेष्टनात सुरुवातीलाच टीएलएस १.२ स्पष्टपणे मागणारी एक ओळ लिहिल्यावर जोडणी झाली. विंडोज ७ ला १.२ येते, फक्त ते कोणी मागितल्याशिवाय वापरत नाही.

रजिस्ट्रीत बदल करून सर्व प्रोग्रॅमांसाठी ही सवय लावता येते आणि पुष्कळ ठिकाणी तोच उपाय सुचवला जातो. एका डीएलएलसाठी संपूर्ण संगणकाची वागणूक बदलणे मला पटत नाही. संगणक बदलला किंवा फॉरमॅट झाला की ती नोंद हरवते आणि तेव्हा कोणालाही आठवत नाही की येथे असे काही केले होते. त्याखेरीज हा इलाज किती काळ पुरेल, हेही पाहावे लागते. विंडोज ७ कडे टीएलएस १.२ असले तरी आरएसए प्रमाणपत्रासोबत आज सर्वत्र वापरला जाणारा ईसीडीएचई व जीसीएम या कूटलेखन पद्धतींचा जोड त्याच्याकडे नाही. सर्व्हरने उद्या कूटलेखनाचे जुने सीबीसी प्रकार बंद केले, तर कोडची एकही ओळ न बदलता मिलचे ई-इन्व्हॉइस बंद पडेल, आणि तेव्हा वेष्टनात लिहिण्यासारखी कोणतीही ओळ उरणार नाही.

‘ष’ असलेली नावे

जोडणी जमल्यावर चाचणीची बिले जाऊ लागली; काही जात, काही ‘जेसन वाचता येत नाही’ म्हणून परत येत. रक्कम, राज्य, मालाचा प्रकार, कशातही सूत्र दिसत नव्हते. परत आलेल्या बिलांच्या गेट पासचे कागद टेबलावर ओळीने मांडल्यावर ते दिसले: ट्रान्सपोर्टवाल्याच्या नावात कोठे संतोष, कोठे सुभाष, कोठे भूषण. ज्या नावात ‘ष’, ते बिल परत.

प्रोग्रॅममध्ये ट्रान्सपोर्टवाल्यांची नावे मराठीत होती आणि ती कृतिदेव फाँटात टाइप केलेली होती. युनिकोड, म्हणजे सर्व लिपींची एकच संकेतावली, येण्यापूर्वीच्या फाँटांत मराठी अक्षर प्रत्यक्षात साठवलेच जात नाही. इंग्रजी की-बोर्डचे चिन्ह साठवले जाते आणि फाँट त्याला मराठी आकार देतो. कृतिदेवमध्ये ‘ष’ साठी दुहेरी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी ‘के’ टाइप करतात. व्हीबी ६ च्या बाजूने मी जेसन तुकडे जोडून तयार करीत होतो, आणि जेसनमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे मजकुराची हद्द. ‘संतोष’ मधला ‘ष’ आला की लायब्ररीच्या दृष्टीने नाव तेथेच संपे आणि पुढचा सारा मजकूर निरर्थक होई. ‘श’ साठी कृतिदेवमध्ये एकेरी अवतरणचिन्ह आहे, म्हणून गणेश, रमेश, सतीश हे सगळे सुखरूप पोहोचत होते. फक्त पोहोचत होते इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक माळेच्या रूपात, आणि ते अधिक घातक होते. कारण परत आलेले बिल निदान नजरेस पडते.

अवतरणचिन्हाआधी ‘ही हद्द नव्हे’ असे सांगणारे चिन्ह लावून परत येणारी बिले थांबवता आली असती, पण सरकारी नोंदीत अर्थहीन नावे जातच राहिली असती. म्हणून दोन गोष्टी केल्या. जेसन बनवण्याचे काम व्हीबी ६ कडून पूर्ण काढून घेतले. तो आता केवळ एकेक रकाना देतो आणि जेसन लायब्ररीच तयार करते. आणि ट्रान्सपोर्ट मास्टरमध्ये इंग्रजी नावाचा एक नवा रकाना वाढवून तो मुनीमजींकडून भरून घेतला. कृतिदेवचे युनिकोड करणारे कन्व्हर्टर उपलब्ध आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होणाऱ्या या पद्धतीत जोडाक्षरांपाशी ते हमखास चुकतात. नावे मोजकी असताना त्यांच्यावर विसंबण्यापेक्षा माणसाने टाइप केलेले बरे. पट्टी, गेट पास आणि खातेवहीत मराठी नावे पूर्वीसारखी कृतिदेवमध्येच आहेत, त्यांना हात लावलेला नाही.

तारखेचा घोळ लहान होता, तरी नोंदवण्यासारखा आहे. ई-इन्व्हॉइसला दिवस, महिना, वर्ष यांच्यामध्ये तिरकी रेघ लागते. व्हीबी ६ च्या फॉरमॅट फंक्शनमध्ये लिहिलेली तिरकी रेघ म्हणजे तिरकी रेघ नव्हे. ‘या संगणकावर जे विभाजक असेल ते’ असा तिचा अर्थ होतो, आणि भारतीय इंग्रजी सेटिंगच्या विंडोज ७ वर ते आडवी रेघ असते. रेघेआधी उलटी तिरकी रेघ लावली की ती जशीच्या तशी राहते. डॉट नेटमध्येही हीच खोड आहे आणि तेथे इन्व्हेरियंट कल्चर, म्हणजे कोणत्याही देशाशी न बांधलेले सेटिंग, सांगावे लागते.

मांडणी बदलण्याचा निर्णय

येथवर सर्व चालू झाले होते आणि बहुतेक ठिकाणी काम येथेच थांबवले गेले असते. पण प्रत्यक्ष वापरात एक नवी गोष्ट दिसली. लायब्ररीची असिंक मेथड वेष्टनात थांबून पूर्ण करावी लागत असल्याने तेवढा वेळ बिलाचा पडदा गोठे. डॉट नेटच्या एचटीटीपी क्लायंटची मुदत मुळात १०० सेकंदांची असते. ब्रॉडबँड मध्येच गेला की पडदा तेवढा वेळ पांढरा राही, मुनीमजी टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅम बंद करीत आणि बिल पुन्हा पाठवत. पहिले बिल एव्हाना पोर्टलवर नोंदलेले असे. आयआरएन हा विक्रेत्याचा क्रमांक, कागदाचा प्रकार, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून ठरत असल्याने दुसऱ्या वेळी ‘डुप्लिकेट आयआरएन’ ही २१५० क्रमांकाची चूक परत येई, आणि मिलच्या डेटात त्या बिलापुढे ना आयआरएन ना क्यूआर. “साहेब, बिल गेलं म्हणतंय पण क्यूआर दिसंना,” असा फोन येई तो यामुळे.

मुदत कमी करणे आणि डुप्लिकेट आल्यास बिल क्रमांकावरून आधीचा आयआरएन मागवणे, हे दोन्ही करता येण्यासारखे होते आणि केलेही. परंतु सर्व अडचणी एकत्र पाहिल्यावर एक गोष्ट उघड झाली. कॉन्फिग कोणाची वाचायची, टीएलएस कोणते वापरायचे, पडदा का गोठतो, संपादक डीएलएल का सोडत नाही, या साऱ्यांचे मूळ एकच: नवी लायब्ररी जुन्या प्रोग्रॅमच्या प्रक्रियेत राहत होती आणि यजमानाचे नियम तिच्यावर लागू होत होते. लायब्ररीत दोष नव्हता आणि जुना प्रोग्रॅमही आपल्या जागी ठीक होता. दोघांना एका छताखाली ठेवणे ही निवड होती, आणि ती बदलता येत होती.

म्हणून कॉमचे वेष्टन काढून टाकले आणि त्याच कोडची एक स्वतंत्र छोटी ईएक्सई केली. तिच्यावर ४.८ ची खूण आहे आणि शेजारी तिची स्वतःची कॉन्फिग, त्यामुळे आवृत्तीच्या निर्देशाचा प्रश्न कोणत्याही युक्तीशिवाय सुटला; टीएलएस १.२ मागणारी ओळ तिच्यात तशीच राहिली. बिलिंग प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये बिलाची साधी मजकूर फाइल ठेवतो. ती ईएक्सई फोल्डर ठरावीक अंतराने पाहते, बिल पाठवते आणि उत्तराची फाइल ठेवते. व्हीबी ६ चा टायमर ते उत्तर उचलून एमडीबीत नोंदवतो. पडदा आता गोठत नाही, आणि उत्तर येईपर्यंत मुनीमजी पुढच्या गाडीचे वजन घेऊ शकतात.

या साध्या वाटणाऱ्या देवघेवीतही दोन काळज्या घ्याव्या लागतात. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच तिचे नाव बदलावे, नाहीतर दुसरी बाजू अर्धी लिहिलेली फाइल उचलते. आणि व्हीबी ६ फाइल लिहितो ती विंडोज १२५२ या जुन्या संकेतावलीत, तर डॉट नेट ती न सांगता युटीएफ ८ समजून वाचते. पत्त्यातले किंवा शेऱ्यातले एखादे विशेष चिन्ह मग प्रश्नचिन्हाच्या चौकटीत बदलते. वाचताना संकेतावली स्पष्ट सांगितली की हे टळते.

छपाई

सही असलेल्या क्यूआरमध्ये दोन्ही पक्षांचे क्रमांक, बिलाची रक्कम, आयआरएन आणि वर डिजिटल सही इतका मजकूर असतो की तो फार दाट येतो. नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्सवर त्याचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि मोबाइल तो वाचत नाही. रिबन नवी घातली तरी भरवसा नाही. त्यामुळे करपात्र बिलांसाठी लेझर प्रिंटर घ्यावा लागला, गेट पास डॉट मॅट्रिक्सवरच राहिला. क्यूआर बनवणारी नवी लायब्ररी चित्र पीएनजी स्वरूपात देत होती आणि व्हीबी ६ चा पिक्चर बॉक्स पीएनजी उघडतच नाही. जेपीजी उघडतो, पण त्यात कडा धूसर होतात. बीएमपीमध्ये साठवून दिल्यावर प्रश्न मिटला.

सध्याची स्थिती

ही छोटी ईएक्सई आता बिलिंगच्या संगणकावर नाही. देवघेव फोल्डरमधूनच होत असल्यामुळे ती अकाउंटंटच्या केबिनमधील विंडोज ११ च्या संगणकावर हलवली आणि फोल्डर आतल्या नेटवर्कवर शेअर केला. जुन्या संगणकाचे इंटरनेट त्यानंतर काढून घेतले. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपलेला असल्याने ते आधीच व्हायला हवे होते, पण आयआरएन त्याच संगणकावरून मागवावा लागत असेतो ते शक्य नव्हते. सर्व्हरने जुने सांकेतिक प्रकार बंद केले तरी आता बिलिंगला त्याची झळ लागणार नाही.

मध्यस्थ कंपनीने लायब्ररीची पुढची आवृत्ती केवळ डॉट नेट ८ साठी काढली, तर ती विंडोज ७ वर चालणार नाही. तेव्हा केबिनमधली ईएक्सई तेवढी नव्याने बांधावी लागेल. मजकूर फाइलचे रकाने आणि त्यांचा क्रम एका पानावर लिहून ते पान सोर्स कोडच्या सीडीसोबत मिलच्या कपाटात ठेवले आहे. एमडीबी फाइलची २ जीबीची मर्यादा मात्र जवळ येत चालली आहे. जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या फाइलमध्ये काढण्याचे काम पुढच्या पावसाळ्यात, आवक मंदावल्यावर करायचे ठरले आहे.